हसा आणि थंड बसा

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एक विनोद आहे आणि तो इथल्या वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. इस्रोचं इस्ट्रॅक केंद्र आमच्याच वसाहतीत आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा टीव्हीवर देशाने जो कक्ष पाहिला, ज्यात शास्त्रज्ञ उभं राहून टाळ्या वाजवत होते, तो इथला. त्या फाटकापासून सेकंड स्टेजकडे भर पावसाळ्यात मोटारसायकल काढा, म्हणजे विनोद आपोआप कळेल: इस्रोला चंद्राचा सराव करायला लांब जावं लागत नाही. मी इथे शेड घेतली तेव्हा एका शेजाऱ्याने तो मला ऐकवला आणि मी मनापासून हसलो. आता कुणी नव्याने ऐकवतो तेव्हा दात दिसतील इतपत ओठ फाकवतो आणि कामाला लागतो.

विनोदाबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या हसण्याबद्दल आहे. ‘हसून घ्यायचं रे, नाहीतर डोकं फिरेल’ हे वाक्य मी उठता-बसता ऐकतो. पक्षांतरावर हसून घ्या, महागाईवर हसून घ्या, तुमकूर रोडच्या ट्रॅफिकवर, ऐन तारखेला बसणाऱ्या जीएसटीच्या पोर्टलवर, पस्तिशीत लागलेल्या बीपीच्या गोळीवर हसून घ्या. जरा वाचलेली माणसं याला उपहास म्हणतात आणि उपहास हे दुबळ्यांचं शस्त्र आहे असं वर ऐकवतात. असेल. पण जे शस्त्र उगारल्याचं समोरच्याला कळतही नाही आणि उगारणाऱ्याला मात्र रात्री छान झोप लागते, त्याला शस्त्र म्हणायला मी तयार नाही.

माझ्या शेडमध्ये धातू कापणारी व्हीएमसी मशीन चालते तेव्हा टूलवर पांढरट कूलंटची धार सतत पडत असते. टूल आणि धातू भिडले की उष्णता होते, ती कूलंट वाहून नेतं. त्याने कापणं थांबत नाही. उलट ऑपरेटरला फीड वाढवता येतो, टूल जास्त टिकतं, तासाला जास्त जॉब निघतात. राजकारणावरचे आमचे विनोद नेमकं हेच काम करतात, आणि कापला जाणारा जॉब आम्हीच असतो.

लगेच कुणीतरी बादल नंजुंडस्वामींचं नाव काढेल. काढावंच. जून २०१५ मध्ये सुलतानपाळ्यातल्या एका आडव्यातिडव्या खड्ड्यात या चित्रकाराने मगर आणून सोडली. वजन वीसेक किलो, खर्च सुमारे सहा हजार रुपये. खड्ड्यात पाणी पालिकेचंच होतं. फोटो जगभर गेले आणि जो खड्डा तोवर कुणाला दिसत नव्हता तो अचानक बुजला. मग २०१९. चांद्रयान-२ उतरायला जेमतेम आठवडा राहिला होता. आमच्यापासून फार लांब नसलेल्या हेरोहळ्ळीत, तुंगानगरच्या रस्त्यावर, रात्री एक अंतराळवीर जड पावलं टाकत चालतोय. खड्डे, खळगे, धूळ, लांब सावल्या, चंद्रच तो. आणि एवढ्यात बाजूने एक ऑटोरिक्षा शांतपणे निघून जाते. मिनिटभराचा व्हिडिओ. पाहणाऱ्याला आधी कौतुक वाटतं, मग रिक्षा दिसते, मग पोट धरून हसू येतं. दुसऱ्याच दिवशी पालिकेची माणसं रस्ता दुरुस्तीला हजर.

पीण्यातला चंद्राचा विनोद याच व्हिडिओचं पिल्लू आहे, अशी माझी शंका आहे. पण मूळ विनोदात आणि पिल्लात मोठा फरक आहे. नंजुंडस्वामींच्या विनोदाला पत्ता होता. रस्त्याचं नाव होतं, वॉर्ड होता. आणि मुख्य म्हणजे त्या वॉर्डाला नगरसेवक होता. तेव्हा बेंगळुरूत १९८ नगरसेवक होते. ते फार गुणी होते असं कुणी म्हणणार नाही. टँकरपासून केबलपर्यंत सगळ्यात त्यांचा हात असायचा. पण त्याच गल्लीत पुढच्या निवडणुकीला हात जोडत यायचंय, एवढी एक कळ त्यांच्या पोटात असायची. व्हिडिओ जगभर गेला तर त्यांच्या बायकोला हळदीकुंकवात कुणीतरी विचारणार होतं.

१० सप्टेंबर २०२० ला त्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निवडणूक घ्या असं सांगितलं; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मग वॉर्डांची संख्या, मग फेररचना, मग आरक्षण, मग नवा कायदा. २ सप्टेंबर २०२५ ला तर महापालिकाच मोडून तिच्या पाच केल्या. पाच पालिका, पाच आयुक्त, पाच नवे फलक आणि नगरसेवक शून्य. सव्वा कोटीच्या आसपास वस्तीच्या शहरात तोवर पाच वर्षं एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता, आणि या प्रकाराचा एकही फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर आला नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तर २०१९ मध्ये चंद्राचा विनोद चालला, कारण लाजायला कुणीतरी होतं. तोच विनोद गेली कित्येक वर्षं आम्ही सांगतोय तो कुणाला? प्रशासक लाजत नाही. त्याची बदली होते.

हवं तर मुंबईकडे बघा. जुलै २०१७ मध्ये रेडिओवरच्या मलिष्काने तेव्हा गाजत असलेल्या ‘सोनू’ गाण्याच्या चालीवर महापालिकेचं विडंबन केलं. खड्डे, तुंबणारं पाणी, लोकल. शिवसेनेच्या नगरसेवकांचं पित्त असं खवळलं की त्यांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. पालिकेचं पथक तिच्या वांद्र्यातल्या घरी गेलं, तिथे म्हणे डासांच्या अळ्या सापडल्या, आणि तिच्या आईच्या नावाने नोटीस निघाली. तेव्हा सगळ्यांनी पालिकेला नावं ठेवली. मीही ठेवली. पण आज मला त्या अळ्यांचं जवळजवळ कौतुक वाटतं. कुणाला तरी झोंबलं होतं! इतकं झोंबलं होतं की महानगरपालिकेने कुंडीखालच्या ताटल्या तपासल्या. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्याही नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक बसला. खड्ड्यांवरच्या रिल्सचा पूर आला, पण अंगाला लावून घेणारा माणूसच खुर्चीवर नव्हता.

झोंबून घेणारी माणसं नाहीत असं नाही. ती आता पक्षात असतात. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर २०२३ मध्ये एका रॅप गाण्यापायी गुन्हा दाखल झाला. २३ मार्च २०२५ च्या रात्री कुणाल कामराच्या विडंबनावरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी पालिकेचा हातोडा त्याच दारात. एरवी ज्या यंत्रणेला गटाराचं झाकण बसवायला दोन पावसाळे लागतात, ती विनोदाच्या जागेतलं अनधिकृत बांधकाम चोवीस तासांत ओळखते. कामराने नाव न घेता पण ओळख पटेल असं गायलं. पत्ता बरोबर होता. फरक कळतोय ना? आमचे विनोद कुणी पाडायला येत नाही, यात भूषण वाटण्यासारखं काही नाही.

पक्षांनी तर यातला धंदा आमच्या आधी ओळखला. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या भिंतींवर रातोरात पेसीएमची पोस्टरं लागली: मुख्यमंत्री बोम्मईंचा चेहरा क्यूआर कोडच्या चौकटीत आणि खाली ४० टक्के स्वीकारले जातील अशी सूचना. ठेकेदारांच्या संघटनेने आधीच्या वर्षी पंतप्रधानांना पत्र लिहून कमिशनची तक्रार केली होती, त्यावरचा हा टोमणा. फर्मास होता, मी नाकारत नाही. आमच्या बेकरीवाल्याने बाय-टू कॉफी देताना स्वतःच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवून तो मारला आणि अख्खं दुकान हसलं. पण पोस्टर काढलं कुणी? कुणा वैतागलेल्या ठेकेदाराने नव्हे, काँग्रेसच्या प्रचारयंत्रणेने. सिद्धरामय्या आणि शिवकुमार यांनी स्वतः रस्त्यावर उतरून पोस्टरं चिकटवली, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं, कॅमेरे खूश झाले. मे २०२३ मध्ये १३५ जागा आल्या, एक मुख्यमंत्री झाले, दुसरे उपमुख्यमंत्री, आणि बेंगळुरूच्या विकासाचं खातं दुसऱ्यांकडे आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये खड्ड्यांना कंटाळून एका कंपनीच्या प्रमुखाने आउटर रिंग रोडवरून बाडबिस्तरा हलवण्याचं जाहीर केलं, तर शिवकुमार यांचं उत्तर आलं की सरकारला ब्लॅकमेल करता येणार नाही. तीनच वर्षं आधी हातात खळीचा डबा घेऊन हसणारा माणूस तो हाच.

महाराष्ट्रात याहून सुरस कथा. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी पन्नास खोक्यांच्या घोषणा दिल्या. ती घोषणा पोळ्याच्या बैलांच्या पाठीवर गेली, टी-शर्टवर गेली. पायऱ्यांवर सत्ताधाऱ्यांशी झटापट झाली, तीही टीव्हीवर दिसली. आणि २ जुलै २०२३ ला त्या घोषणेत ज्यांचा आवाज चांगला लागत होता त्या राष्ट्रवादीतला मोठा गट त्याच सरकारात जाऊन बसला. बैलांच्या पाठीवरचा रंग तोवर उडाला होता, एवढंच. लोक काय म्हणाले? काही नाही. त्यावरही हसले. अर्थसंकल्पाच्या दिवशी गाजरांच्या माळा, खड्ड्यात वृक्षारोपण, पाण्यासाठी रिकाम्या हंड्यांची वरात: महाराष्ट्रात उपहास आता सरकारी कार्यक्रमपत्रिकेत बसवण्याइतका ठरलेला झालाय. विरोधी पक्षाने करायचा, सत्ताधाऱ्यांनी गालात हसायचं, पुढच्या वेळी बाजू बदलून.

पूर्वी असं नव्हतं. आचार्य अत्र्यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ सुरू केला. त्यांनी ज्यांना सोलून काढलं त्यांची नावं घेऊन काढलं, आणि वाचणारा संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभेला जात होता. विनोदाच्या पुढे संयुक्त महाराष्ट्राची मागणी होती, मागणीच्या पुढे १९५७ चं मतदान. काँग्रेसला त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात जो फटका बसला त्यात शाई आणि हशा दोन्ही होते. (त्यातून बेळगाव मात्र राहिलं ते राहिलंच. मी तिथलाच, त्यामुळे त्या विजयाचा पेढा आमच्या घरी अर्धाच गोड लागतो.) पु. ल. १९७७ च्या प्रचारसभांत उभे राहिले तेव्हाही लोक खो खो हसत होते, पण हसून मतदान केंद्रावर गेले. हसून झोपले नाहीत.

आमचा या भागातल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली, थोडे लातूरचे. कुणाचं फोर्जिंग, कुणाचं प्लेटिंग, बरेच नोकरीत. सकाळी देव येतात, दहानंतर विनोद. डिसेंबर २०२१ मध्ये तुमकूर रोडवरच्या पीण्या उड्डाणपुलातल्या केबलना गंज लागल्याचं आढळलं आणि पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये छोट्या गाड्या सुरू झाल्या. ट्रक सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडलं. उद्योगनगरीतला पूल, आणि त्यावर अडीच वर्षं ट्रकला बंदी! आमच्या ग्रुपला दिवाळीच मिळाली. पुलावर लग्नाचा हॉल काढा, पुलावर मॉर्निंग वॉक, पुलाला वधू पाहिजे. एकाहून एक. गोरगुंटेपाळ्यापासून आठव्या मैलापर्यंत खालच्या रस्त्यावर कास्टिंगचा ट्रक गिअर बदलत सरकायचा, ड्रायव्हर काच खाली करून घाम पुसायचा आणि आम्ही शेडमध्ये पंख्याखाली त्याच रांगेचा फोटो एकमेकांना पाठवायचो. बारा वर्षांच्या आत पूल गंजला कसा, दुरुस्तीचे पैसे कुणी भरले, जबाबदार कोण ठरलं, यातलं एकही वाक्य त्या ग्रुपवर मला सापडत नाही. बेंगळुरू तर या वृत्तीला अभिमानाने नावच देऊन बसलंय: स्वल्प अॅडजस्ट माडी, म्हणजे थोडं जुळवून घ्या.

जून २०२२ मध्ये पंतप्रधान येणार म्हणून शहरात सुमारे २३ कोटींचं डांबर पडलं आणि ज्ञानभारतीजवळ ते काही दिवसांत उखडलं. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान थेट पीण्यात, इस्ट्रॅकला आले. जालहळ्ळी क्रॉसवर फुलं उधळली गेली. दोन्ही वेळा तोच विनोद: मोदींना दर महिन्याला बोलवा. हा विनोद करणारा स्वतःला सरकारचा टीकाकार समजतो. प्रत्यक्षात तो म्हणतोय काय? राजाची स्वारी आली की रस्ता होतो, प्रजेने वाट बघावी. लोकशाहीवर इतका कमी विश्वास तर तिच्या शत्रूंचाही नसेल.

आता जरा दुखऱ्या जागेकडे. १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ निघालं. मराठीतलं व्यंगचित्र साप्ताहिक, बाळ ठाकरे संपादक. फ्री प्रेस जर्नलमध्ये त्यांच्या बरोबरीने काम केलेले आर. के. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे. तरीही मार्मिकमध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या नावाखाली मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांची, विशेषतः दक्षिणेकडच्यांची, नावंच्या नावं छापून येत. ब्रश धारदार होता, वाद नाही. पण धार कुठे वळली? इमारती बांधणाऱ्यांकडे, गिरण्यांच्या मालकांकडे फारशी नाही. टायपिस्ट, कारकून, उडप्याकडे. लुंगी हटवण्याच्या घोषणेवर मुंबई हसली आणि मग दुकानं फुटली. त्या हशात माझ्या आजोबांच्या पिढीतले अर्धे बेळगावकरही असतील, ज्यांना मुंबईने पुढे ‘कानडी आप्पा’ म्हणूनच हाक मारली.

म्हणून इथे जेव्हा मराठी माणसावर टोमणे ऐकू येतात तेव्हा मला धक्का बसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे ट्रक फोडले गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावात कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसना काळं फासलं गेलं. दोन्ही वेळा दोन्ही बाजूंच्या ग्रुपवर मीम्सचा पाऊस. आमची बस, त्यांचा कंडक्टर. त्यांची बस, आमचं काळं. आणि यात मार खाल्ला कुणी? पगार महिन्याच्या महिन्याला मोजून घेणाऱ्या कंडक्टरने आणि ट्रकच्या हप्त्यावर जगणाऱ्या ड्रायव्हरने. नेत्याची काच कुठल्याच राज्यात फुटली नाही.

या हशाची दिशा बघायची असेल तर एनटीटीएफ सर्कलजवळच्या कुठल्याही बेकरीपाशी दुपारी उभं राहा. मी बघितलेलं सांगतो. शेजारच्या शेडचा सुपरवायझर, हातात पफ, बिहाऱ्यांवर एक विनोद सांगत होता. त्यांना गणित येत नाही असा काहीसा. ऐकणाऱ्यांत त्याच्या हाताखालचा दरभंग्याचा पोरगा होता. हाच पोरगा व्हर्नियर न बघता बोटाने बोअरमधला फरक सांगतो. तो हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला, कारण त्याला शनिवारी ओव्हरटाइम हवा होता. सुपरवायझर माझ्याकडे वळून म्हणाला, “बघा, याला पण पटलं!” रायचूरचा ऑपरेटर तेवढा कप ठेवून निघून गेला. जुलै २०२४ मध्ये सरकारने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना व्यवस्थापनात ५० आणि खालच्या जागांत ७० टक्के आरक्षणाचं विधेयक मंत्रिमंडळात मंजूर केलं आणि उद्योगांनी डोळे वटारताच दोन दिवसांत गुंडाळलं. त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त विनोद झाले ते सरकारवर नव्हे, त्या दरभंग्याच्या पोरावर.

आणि जिथे खरंच हसायला हवं तिथे आमची बोबडी वळते. आम्ही छोटे जॉबवर्कवाले. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३ बी (एच) कलम लागू झालं: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी वजा करता येणार नाही. कायदा आमच्या बाजूचा. लगेच काहींना गिऱ्हाइकांकडून गोड सूचना आल्या, तुमची उद्यम नोंदणी तेवढी काढून टाका की. आमच्या ग्रुपवर त्यावर काय आलं? चांद्रयान चाळीस दिवसांत चंद्रावर पोचलं, आपला चेक पंचेचाळीसात परचेसच्या टेबलावरून अकाउंट्सच्या टेबलावर पोचत नाही. हा विनोद चांगला आहे, मलाच सुचला होता. पण ज्यांच्यावर तो आहे त्यांच्या ग्रुपवर तो टाकायची आमच्यापैकी कुणाची टाप नाही. थकलेल्या पैशांची तक्रार करायला समाधान पोर्टल २०१७ पासून आहे; तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याला, हे पोरसवदा डिलिव्हरी बॉयलाही माहीत आहे. भीती खरी आहे, मला तिची लाज वाटत नाही. पण मग भ्यालो म्हणा. उपहास केला असं नका म्हणू.

न भ्यालेली माणसं मी याच तुमकूर रोडवर बघितलीत. १० फेब्रुवारी २०१६ ला केंद्राने पीएफचा नियम बदलला: मालकाच्या वाट्याची रक्कम ५८ व्या वर्षापर्यंत काढायची नाही. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला ५८ हे वय स्वाभाविक वाटलं असेल. गारमेंटच्या लाइनवर बसणाऱ्या बाईची पाठ चाळिशीआधी जाते. नोकरी सुटली की पीएफ हाच तिचा पोरीच्या लग्नाचा आणि घरभाड्याच्या अॅडव्हान्सचा पैसा. १८ एप्रिलला होसूर रोडवर हजारो बायका बाहेर पडल्या. १९ ला आमच्या जालहळ्ळी क्रॉसवर. मोठ्या संघटनेचा झेंडा नाही, पुढारी नाही. दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, गाड्या जळाल्या. त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्याच दिवशी केंद्र सरकारने नियम मागे घेतला. दोन दिवस. त्या बायका रोज सकाळी फाटकावर सुपरवायझरची नक्कल करून एकमेकींना हसवतात, त्या नकला ऐकाव्यात अशा असतात. त्यांना विनोदाचं वावडं नाही. फक्त विनोद झाला म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटलं नाही. आणि त्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले आम्ही काय करत होतो? ट्रॅफिकवर विनोद.

बसस्थानकाचंही तसंच. २०१४ मध्ये पीण्यात मोठं बसवेश्वर बसस्थानक बांधून उत्तर कर्नाटकच्या गाड्या तिथून सोडायचा घाट घातला गेला. आम्ही त्याला भूतबंगला म्हणालो, अजून म्हणतो. पण गाड्या मॅजेस्टिकला परत गेल्या त्या आमच्या भूतबंगल्याने नव्हे. हुबळी-बेळगावच्या प्रवाशांनी तिथे जाऊन चढायला साफ नकार दिला म्हणून.

लक्ष्मणांचा कॉमन मॅन पन्नास वर्षं एक शब्द बोलला नाही, आणि आम्ही त्याच्यावर जीव टाकला. बेंगळुरूच्याच एअर डेक्कनने त्याला विमानाचा मॅस्कॉट केला, पुण्यात आणि वरळीला त्याचे पुतळे उभे राहिले. गप्प राहून सगळं बघणारा माणूस इतका लाडका का झाला, याचं उत्तर मला आमच्या ग्रुपवर रोज मिळतं.

हल्ली ग्रुपवर खड्ड्याचा फोटो आला की मी हसरा चेहरा टाकत नाही. विचारतो, कुठल्या क्रॉसवरचा? तक्रार नोंदवली का? नंबर पाठवा. वॉर्डाची निवडणूक मागणाऱ्या अर्जावर सही करणार का? सुरुवातीला लोकांनी वय बघून सांभाळून घेतलं. मग कुणीतरी पुतण्याच्या लग्नातला माझा फेट्यातला फोटो शोधून काढला आणि त्यावर ‘तक्रार क्रमांक पाठवा’ असं लिहून स्टिकर केलं. आता फोटो पडायचा अवकाश, माझ्या आधी स्टिकर हजर. निपाणीचे लोक तर गुड मॉर्निंगलाही ते टाकतात. परवा टीव्हीएस क्रॉसजवळच्या नव्या खड्ड्याखाली ते एकामागून एक इतक्या जणांनी टाकलं की फोटो वर कुठे गेला ते सापडेना. तक्रार अर्थातच कुणी केली नव्हती. ती मीच करायची असते. स्टिकरवर फोटो माझा आहे.